बकरीच्या चित्रामागचा आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या धाकट्या भावाचा आवाज कायमचा गेला. तो भोकरदनच्या शाळेत शिक्षक, मी बदनापूरला. बोलण्याऐवजी तो आता पाटीवर लिहायचा. एका रविवारी सकाळी जुन्या जालन्यातल्या त्याच्या घरी गेले, तर त्याने आधीच लिहून ठेवलेली पाटी पुढे केली. ‘आपल्या गेममधून माझा आवाज निघतो का?’

पहिलीच्या मुलांसाठी आम्ही दोघांनी एक गेम केला होता. चित्राला बोट लावलं की भावाच्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा. जगभरचे लोक ज्या इंजिनवर, म्हणजे तयार सॉफ्टवेअरवर, गेम बनवतात, त्याच्यावरच आम्हीही हा जोडला. आवाज त्याचा, जोडणी आणि वही माझी. वहीत प्रत्येक शब्दाला क्रमांक, आणि बिघडलेल्या रेकॉर्डिंगपुढे कारण एका अक्षरात. ‘कु’ म्हणजे कुत्रं भुंकलं, ‘हॉ’ म्हणजे हॉर्न, ‘खो’ म्हणजे खोकला. काम संपल्यावर मी सगळी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकली. कॉम्प्युटर बदलला तेव्हा बाकीचंही ठेवलं नाही. तयार गेम शाळेच्या टॅबवर होता, तेवढा मला पुरेसा वाटला.

घरच्या लग्नांच्या व्हिडिओंमध्ये बँडच्या गोंगाटात त्याचा आवाज धड ऐकू येत नव्हता. म्हणजे उरला हा गेमच.

तयार गेममध्ये चित्रं, आवाज सगळं काही मोठ्या फायलींत बंद होऊन जातं. त्या उघडून आतला माल बाहेर काढणारं साधन फुकट मिळतं. लोक ते दुसऱ्यांचे गेम फोडायला वापरतात. मी स्वतःचाच फोडायला बसले. टॅबवरून गेम लॅपटॉपवर घेतला, फायली उघडल्या, फक्त आवाज वेगळे केले. वहीतले माझेच क्रमांक समोर आले. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसला. भावजय भेंडी चिरत होती, ती हात थांबवून ऐकू लागली.

घर. पाणी. चाक. मका.

एकेक सेकंदाचे तुकडे. मागचापुढचा श्वाससुद्धा मी कापला होता, गेम हलका राहावा म्हणून. मी एकामागून एक लावत गेले. भाऊ पाटीकडे बघत राहिला.

“अक्का, हे बोलणं न्हाई,” भावजय शेवटी म्हणाली. “हे तर हजेरी घेऊन राह्यलेत.”

जे गेममध्ये कुठेच वापरलेलं नाही ते इंजिन आत भरतच नाही, हे मला माहीत होतं. त्याच्या हसण्याचं, चुकण्याचं, मधल्या गप्पांचं आत काही असण्याची शक्यता नव्हती. तरी नुसतं बसवेना, म्हणून मी यादी लांबीप्रमाणे लावली. सगळ्यात वर एकेचाळीस आला. बकरी, बावन्न सेकंद.

मग आठवलं. बकरीला मी चुकून भलतंच रेकॉर्डिंग जोडलं होतं आणि मुलं गुरुजींच्या गप्पा ऐकून खिदळत होती. घाईत मी ते काढलं नाही. गेममध्ये फक्त त्याचा आवाज शून्यावर नेला, शेजारी बरोबर शब्द जोडला आणि वहीत बरोबरची खूण केली. चित्राला जोडलेलंच राहिल्यामुळे ते मुकं रेकॉर्डिंगही गेमबरोबर भरलं गेलं होतं.

मी ते लावलं.

“अक्का, तुझ्या यादीत चहा लिहिलाय का न्हाई? का बकरीनंतर दूध काढायचं अन् मंग चहा? सकाळपासून म्हणून राह्यलो, घसा बसला माझा. लिही तिथं, बेचाळीस, चहा.” मग त्याचं हसणं, अगदी लांबपर्यंत. आणि हसता हसता लागलेला खोकला, तो थांबेचना. शेवटी माझा आवाज, “झालं? परत घेऊ या.”

भावजयीने डोळ्यांना पदर लावला. भावाने बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं.

पिशवीत ती वही होती. मी ती काढायला नको होती, पण काढली. पहिल्या पानांवर ‘कु’ आणि ‘हॉ’. विसाच्या पुढे ‘खो’ दिसू लागतो. तिसानंतर जवळजवळ प्रत्येक शब्दापुढे तोच, कुठे दोनदा, कुठे चारदा. सगळं माझ्या अक्षरात, तारखेसकट. मी प्रत्येक खोकला नोंदवला होता आणि एकदाही त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं नव्हतं.

वही मिटली. काहीतरी करायला हवं म्हणून रेकॉर्डिंग साफ करायला घेतलं. हसणं संपतं तिथे कापायची खूण केली.

भावाने माझा हात धरला. पाटी पुसली आणि लिहिलं, ‘खोकला राहू दे. तोही माझाच आवाज.’