कोपऱ्यातली अक्षरं

फोटो धुण्याच्या हायपोचा उग्र वास आला की धुळ्याचा आमचा फोटो स्टुडिओ आठवतो. कॅमेऱ्याची एकुलती एक लेन्स पडून तिची भिंगं सुटली होती. वडिलांनी ती पुन्हा जुळवली, पण दुसऱ्याच दिवशी यावलला लग्नाचे फोटो काढायचे होते. त्यांची नजर अधू, म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर, जिथे चित्र उलटं उमटतं, तिथे सुलट दिसावं अशा बेताने भिंतीवर इंग्रजी वर्तमानपत्र उलटं चिकटवून त्यांनी मला काळ्या कापडाखाली उभं केलं. "कोपऱ्यातली अक्षरं स्वच्छ दिसतात का? खरं सांग माय, नहीते दुकान बंद व्हई जाई." मी त्या ओळी घडाघडा वाचल्या. लग्नाच्या फोटोत कडेची माणसं धुरकट आली, नवरीची आई तर ओळखूच येईना. महिन्याभरात दुकानाची पाटी उतरली. मला ती अक्षरं नीट दिसलीच नव्हती. अर्ध्या शब्दावरून मी पुढचं ओळखत गेले होते. आता वाटतं, त्या कापडाखाली आईला उभं करायला हवं होतं. तिला वाचता येत नव्हतं.