शेंदूर लागलेली चौकट

आमच्या गावात, म्हणजे पारशिवनीच्या जरा पुढे, माझा डब्ब्यांचा धंदा आहे असा समज आहे. त्याला जबाबदार बाबा. हिंगण्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथे अख्ख्या खोल्या तयार होतात. लोखंडी सांगाडा, भिंती, फरशी, वायरिंग, खिडक्या, दारं, सगळं आतच. मग ती खोली ट्रेलरवर चढते, जागेवर जाते आणि क्रेन तिला पायावर ठेवते. अशा चार खोल्या जोडल्या की घर झालं. बाबांनी हे सगळं माझ्याकडून नीट ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं, "पोरगी डब्बे बनवते." त्यामुळे एका लग्नात शेजारच्या काकूंनी मला गाठून विचारलं की डब्ब्यात पोळ्या किती देता. मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, असं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, क्वालिटी पाहिजेच बाई, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

बाबांनी मुद्दामच तसं सांगितलं असणार. ते जन्मभर गवंडी. माय त्यांच्याच हाताखाली घमेली उचलायची. दोघांनी मिळून निम्म्या नागपूरचे बंगले बांधले असतील, आणि त्यांची पोरगी अशा कारखान्यात लागली जिथे वीट औषधालाही नाही. मी नागपुरात स्वतःचं घरही याच खोल्यांचं करणार म्हटल्यावर तर त्यांनी आठवडाभर माझा फोन उचलला नाही.

माझा स्वभाव चिवट आहे. नोकरीमुळे तसा झाला की तसा होता म्हणून ही नोकरी मिळाली, ते माहीत नाही. माय गेल्यापासून बाबा गावात एकटेच होते आणि दोनदा न्हाणीत पडले. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं. हे मला चार दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. तेव्हा मला भीतीही वाटली आणि भयंकर रागही आला. मी ठरवलं, तळमजल्यावर एक खोली बाबांची, शेजारी न्हाणी, न्हाणीत धरायला दांडे, आणि बाबा त्या घरात आलेच पाहिजेत. घराची बाकीची हौस मला नव्हतीच.

महिनाभर फोनवर हुज्जत घातल्यावर त्यांनी एक अट घातली. "चौकट पुजल्याबिगर मी त्या डब्ब्यात पाय ठेवत नाई. आन ज्यानं बसवली त्याले टॉवेल देल्याबिगर तं मुळीच नाई."

आमच्याकडे घराची मुख्य चौकट उभी राहते त्या दिवशी तिची पूजा होते. शेंदूर लावतात, आंब्याची पानं बांधतात, आणि चौकट बसवणाऱ्या गवंड्याला मालक नारळ आणि टॉवेल देतो. बाबांना आयुष्यात इतके टॉवेल मिळाले की आम्ही भावंडांनी लहानपणी अंग पुसायला दुसरं काही वापरलंच नाही. आता पहिल्यांदा टॉवेल देण्याची पाळी त्यांची होती आणि ती ते सोडणार नव्हते. पण माझ्या घराची चौकट प्लॉटवर बसणारच नव्हती. ती कारखान्यात, पाचव्या टप्प्यावर बसते. म्हणजे पूजा कारखान्यातच होणार.

मॅनेजरसाहेबांनी हसत हसत परवानगी दिली. सेफ्टी ऑफिसर हसले नाहीत. भिंतींच्या आत फोम असतो, म्हणून उदबत्ती नाही, कापूर नाही. नारळ फोडायचा नाही. हेल्मेट काढायचं नाही. मी सगळ्याला मान डोलावली.

बाबा सकाळच्या बसने आले. थैलीत नारळ, टॉवेल, आंब्याची पानं, झेंडूचा हार आणि तेलात कालवलेल्या शेंदराची डबी. त्यांना हेल्मेट घालून मी आत नेलं आणि पाचव्या टप्प्यावर उभी असलेली माझी खोली दाखवली. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. एक डोळा मिटून चौकटीची कड वरपासून खालपर्यंत पाहिली, मग दुसरा डोळा मिटून पाहिली. चूक काही सापडेना, त्यामुळे त्यांचा चेहरा पडला.

मग त्यांनी विचारलं, ही कोनं बसवली. मी वेल्डरकडे पाहिलं. तो म्हणाला, मी फक्त वेल्डिंग करतो. भोकं पाडणारा म्हणाला, भोकं माझी. चौकट उचलून आणणारे दोघं म्हणाले, आम्ही फक्त आणून देतो. ती सरळ धरून दाबतो तो एक मोठा लोखंडी शिकंजा, बटणावर चालणारा. बटण दाबणारा त्या दिवशी सुट्टीवर होता.

मुहूर्ताला अजून पंधरा मिनिटं होती. साहेबांनी बाबांना आग्रहाने कॅन्टीनमध्ये चहाला नेलं. चहा घेऊन आम्ही परत आलो, त्याच जागी उभे राहिलो, आणि समोरच्या चौकटीची पूजा केली.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या कारखान्यात खोल्या रुळांवर असतात. भोंगा वाजला की अख्खी रांग एक टप्पा पुढे सरकते. पुढची खोली सहाव्या टप्प्यावर जाते, मागची पाचव्यावर येते. चहाच्या वेळात भोंगा वाजला होता, मी तो कानांनी ऐकला होता. सगळ्या खोल्या बाहेरून पांढऱ्या आणि चौकटी एकाच साच्यातल्या. म्हणूनच प्रत्येक दाराशी नंबरचं कार्ड लटकवलेलं असतं, आणि ते कार्ड वाचणं हे माझं काम आहे. त्यासाठीच मला नेमलं आहे. दुसऱ्या कोणी कार्ड न वाचता सही केली तर मी त्याची सगळ्यांसमोर कशी हजेरी घेते, हे कारखान्यात कोणालाही विचारा.

पण त्या दिवशी माझ्या हातात ताट होतं आणि कार्डावर झेंडूचा हार होता. बाबा बोटाने चौकटीवर शेंदराचं स्वस्तिक काढत होते आणि मला रडू येत होतं. बाबा सेफ्टी ऑफिसरांना कुंकू लावायला गेले तर कपाळ हेल्मेटमध्ये, म्हणून त्यांनी हेल्मेटलाच लावलं. टॉवेल शेवटी त्यांनी शिकंज्याच्या दांड्यावर पांघरला आणि त्याला हात जोडले. चालत्या मशीनवर सैल कापड चालत नाही, म्हणून तो ऑफिसरांनी लगेच उतरवला आणि पुढे बरेच दिवस त्याच टॉवेलने चष्मा पुसला.

तीन आठवड्यांनी माझ्या खोल्या प्लॉटवर उतरल्या. चौकट कोरी होती. शेंदराचा ठिपकासुद्धा नाही. मी स्वतःची समजूत घातली की साफसफाईत पुसला गेला असेल. पण तेलातला शेंदूर असा जात नाही, हे मला माहीत होतं. बाबांना मी काहीच सांगितलं नाही.

मग एक दिवस फोन आला. खापरखेड्याच्या बाजूला एका पुलाचं काम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या छावणीसाठी आम्ही संडासांची एक खोली पाठवली होती. तिथला सुपरवायझर बोलत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी पाठवलं ते देऊळ हाय का संडास हाय?"

मी कागद काढून पाहिले. पुजलेली खोली तीच. पाठवण्यापूर्वीची तपासणी माझ्या रजेच्या दिवशी झाली होती आणि माझ्या सहकाऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'स्वस्तिक आहे. पुसू नये.' छावणीतल्या बायका सकाळी येऊन उंबरठ्यावर जास्वंद वाहत होत्या. पुरुष चपला काढून लांबूनच नमस्कार करत होते. आणि मग सगळे आधीसारखेच झुडपांमागे जात होते. सुपरवायझरने पुसायला माणूस पाठवला तर बायकांनी त्याला हाकलून दिलं. ज्यानं काढलं त्यानंच पुसावं, असं त्यांचं म्हणणं.

ज्यानं काढलं तो पारशिवनीला, घर बदलायचं म्हणून गाठोडं बांधून बसला होता. हे सांगितलं की तो ते गाठोडं सोडणार, यात मला शंका नव्हती. आपल्या घराचा शेंदूर संडासाला लागला, याहून मोठा अपशकुन कुठला. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी स्कूटरने गावी गेले आणि ओट्यावर बसून, खाली पाहत, सगळं सांगून टाकलं. भोंगा, कार्ड, हार, सगळं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू नंबर पाह्यला नाई?"

"नाई बाबा."

"काहून वं?"

"रडून राहिली होती."

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले की चाल, दाखव.

छावणीत पोचलो तेव्हा दुपारच्या सुट्टीची वेळ होती. माझी खोली, म्हणजे ती खोली, पत्र्याच्या झोपड्यांमध्ये पांढरी शुभ्र उभी होती. चौकटीवर शेंदूर, खाली फुलं. बायका जेवणं उरकून सावलीला बसल्या होत्या. शेंदूर लावणारा म्हातारा आला म्हणताच सगळ्या उठून आल्या. मी पिशवीत रॉकेल आणि फडकं आणलं होतं, ते काढून बाबांपुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही. उंबरठ्यावरची फुलं उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. मग सगळ्यांसमोर, चपलांसकट, आत गेले आणि दार लावून घेतलं.

बाहेर एका बाईने पदर तोंडाला लावला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. बाबा बाहेर आले, नळावर सावकाश हात धुतले, धोतराला पुसले.

"मी गवंडी हाव," ते बायकांना म्हणाले. "माही बायको तुमच्यासारखीच घमेलं उचले. ह्या दाराची पूजा मीच केली, तुमच्यासाठी केली. देव आत नाई बसला, मी पाहून आलो. पानी हाय, कडी हाय. जा."

मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे झाली, दारात थबकली, चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. तेव्हा मात्र सगळ्या हसायला लागल्या आणि तिच्यामागे रांग लागली. रांगेत कोण आधी यावरून दोघींचं भांडणही झालं. स्वस्तिक तसंच राहू द्या, असं बाबांनी सुपरवायझरला बजावलं आणि वर कडीचे स्क्रू ढिले आहेत म्हणून मला बोल लावले. ढिले नव्हते. मी तपासले.

फाट्यावर मी स्कूटर थांबवली. उजवीकडे पारशिवनी, डावीकडे नागपूर. मी म्हटलं, बाबा, माह्या घरची चौकट अजून कोरीच हाय. गावाकडे सोडू का तुमाले?

"नाई. तुह्याकडंच चाल. सामान मंग आणू."

मी स्कूटर डावीकडे वळवली. बरंच अंतर गेल्यावर मागून बाबांचा आवाज आला. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ते कळत नव्हतं.

"तुही माय साइटवर दिवसभर पानी पेत नव्हती," ते म्हणाले. "इतके वर्सं मले वाटे, तिले तहानच कमी हाय."