रनाळ्याच्या शेतात पेटलेला टेस्टर

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतेही. माझा विषय इलेक्ट्रिकचा. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण तो कुठून आला आणि कुठे गेला हे शोधून काढता येतं. भुताखेतांचं तसं काही नसतं, म्हणून मी कधी त्यांच्या नादी लागले नाही. पण मागच्या वर्षी जे घडलं ते माझ्या हातात घडलं… अगदी शब्दशः हातात. म्हणून लिहिते आहे.

मी शाहीन, राहणार नंदुरबार. आमचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवतात. मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होते — अख्ख्या बॅचमध्ये एकटी मुलगी. शेजारच्या वर्गात इमर्जन्सी मेडिकलचा कोर्स चालायचा, ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांसाठी. त्यात एस्तेर होती. नवापूरकडच्या डोंगरातली, घरी भातशेती, रविवारी न चुकता चर्चला जाणारी. आमची मैत्री डब्यावरून जमली. तिला माझ्या घरचा खिमा आवडायचा, मला तिच्या घरची नागलीची भाकर.

त्या दिवशी दोन्ही बॅचचं रनाळ्याला शिबिर होतं. आम्ही घराघरांतलं अर्थिंग तपासायचं आणि एस्तेरच्या बॅचने लोकांना छाती दाबून श्वास कसा परत आणायचा ते शिकवायचं. सर पोरांना घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. आम्ही दोघी शाळेच्या ओट्यावर जेवायला बसलो, तोच एक माणूस धापा टाकत आला.

"चला वं ताई, कोनीतरी चला! मन्हा भाऊले करंट लागना!"

शेत शाळेच्या मागेच होतं. पपईची बाग, नुकतंच पाणी सोडलेलं, सगळा चिखल. भटू पाटील नावाचा तिशीतला शेतकरी विहिरीच्या लोखंडी पाइपवर पालथा पडला होता. वाऱ्याने कडुलिंबाची फांदी मोडली होती आणि तिच्याबरोबर एक केबल खाली येऊन गवतात गेली होती. आम्हाला बोलवायला आलेला संजू हा त्याचा धाकटा भाऊ. तो आणि आणखी दोघं भटूला उचलायला वाकलेच होते.

"थांबा! हात लावू नका!" मी ओरडले.

"लाईन बंद शे ताई! मी सोता डीपी बंद करी उनू!"

संजू खोटं बोलत नव्हता. मोटार थंड होती, स्टार्टरच्या पेटीवरचा लाल दिवा विझलेला होता. एस्तेर माझा हात झटकत म्हणाली, "शाहीन, त्याचा चेहरा निळा पडतोय. सोड मला, जाऊ दे!"

मी चुकत असेन तर तो माणूस माझ्यामुळे मरणार होता. तरी पायात रबरी बूट होते, ॲप्रनच्या खिशात टेस्टर होता… त्या दिवशी पहिल्यांदाच मी तो काढला, बोट वरच्या टोपीवर ठेवलं आणि टोक पाइपला टेकवलं.

टेस्टर पेटला!

भर उन्हात टेस्टरचा दिवा नीट दिसतही नाही, हाताने सावली करून बघावं लागतं. हा तसा नव्हता. शेगडीतल्या निखाऱ्यासारखा पेटला. संजूलाही तो दिसला; तो मागे सरकत किंचाळला, "पेटना वं! पेटना!" एस्तेर जागच्या जागी थिजली.

पपईला टेकू दिलेला एक कोरडा बांबू मी उपसला आणि गवतातली केबल पाइपपासून ढकलली. चर्र करून ठिणग्या उडाल्या. सगळे मागे पळाले. केबल लांब झाल्यावर पुन्हा टेस्टर लावला — अंधार. काहीच नाही.

"आता जा!" मी म्हणाले.

एस्तेरने भटूला उताणं केलं आणि दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले. मोठ्याने मोजत ती दाबत राहिली. ती थकली की मी, मी थकले की ती. संजू रडत रडत ॲम्ब्युलन्सला रस्ता सांगत होता. मध्येच एस्तेर थबकली, कान त्याच्या तोंडाशी नेला… आणि माझ्याकडे बघून हसली. इतकी चिखलाने माखलेली आणि इतकी सुंदर एस्तेर मी पुन्हा पाहिली नाही.

भटू वाचला! दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून पाठ थोपटली. ती केबल शेजारच्या शेतातून गेलेली, दुसऱ्याच डीपीवरची, म्हणजे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरची होती. संजूने आपली लाईन बंद केली होती हे खरंच, पण पाइपमध्ये करंट शेजारचा होता. इथपर्यंत सगळ्याला कारण आहे.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी तोच टेस्टर बोर्डाला लावला, तर पेटेना. दुसरा बोर्ड, तिसरा बोर्ड… नाहीच. टोपी फिरवून उघडला, तर आत स्प्रिंग होती आणि बल्बची जागा रिकामी.

सरांनी ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली. "अगं, काल सकाळी शिबिराला निघण्याआधी नव्या पोरांना आतले भाग दाखवायला मी तुझाच उघडला होता. बल्ब इथेच राहिला बघ."

टेस्टर माझाच होता, मुठीवर माझ्या नेलपॉलिशची खूण होती. सर आधी म्हणाले, ऊन चमकलं असेल. मग मी संजूला फोन लावून दिला. त्याचं सगळं ऐकून सरांनी फोन ठेवला आणि टेस्टर उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघत बसले. एस्तेर म्हणते, देवाने दाखवलं. अब्बा म्हणाले, "बेटी, आदमी बच गया ना? बस." मला दोन्ही पटतं आणि दोन्हीने समाधान होत नाही.

कोर्स संपल्यावर माझं पहिलं काम रनाळ्यातच निघालं. भटूने हट्टच धरला होता, घराचं वायरिंग शाहीनताईच करणार. मी एकटीने केलं, अर्थिंगसकट. मेन चालू केला आणि ओसरीपासून गोठ्यापर्यंत सगळे दिवे एकदम लागले, तेव्हा भटूने शिट्टी वाजवली आणि त्याच्या आईने टाळ्या!

मग त्या मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. "बेटा, खरं सांग. त्या दिन तो दिवा कसा पेटना व्हई?"

"नाही माहीत, मावशी. खूप डोकं लावलं. अजून नाही समजलं."

त्यांनी भटूकडे पाहिलं. तो खुर्चीवर चढून नव्या पंख्याची पाती पुसत होता.

"नही समजनं ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चहा पी ले."