बंडीचा आतला खिसा

बेंबळी गावात शांताक्काचं नाव निघालं की बायका तिच्या दोनच गोष्टी सांगत. एक तिची जीभ आणि दुसरं तिचं धुणं. जिभेचा प्रसाद गल्लीतल्या प्रत्येकीला मिळालेला होता, पण धुण्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. तिच्या नवऱ्याचं, किराणा दुकानवाल्या वीरप्पांचं धोतर दोरीवर पडलं की ऊन त्याच्यावरून परत फिरायचं, इतकं पांढरं.

तिचा एक नियम होता. कपडा पाण्यात जाण्याआधी त्याचा खिसा उलटा झालाच पाहिजे. “पाण्याला काय कळतंय खिशात काय हाय? त्ये कामच हाताचं,” असं ती लग्न होऊन आल्यापासून सांगत आली आणि त्या नियमापायी वीरप्पांचा अडकित्ता, मुलगा बसवेशच्या गोट्या आणि दुकानाच्या किती चिठ्ठ्या भिजता भिजता वाचल्या.

मग दिवाळीत बसवेशनं मशीन आणलं. गोल काचेच्या दाराचं, पुढून कपडे घालायचं. त्याच्या चक्रीवर रोजचे कपडे, नाजूक कपडे, जाड कपडे, झटपट, नुसतं पिळणं, असं बरंच काही लिहिलेलं होतं. सून शिवलीला उमरग्याकडची, चुणचुणीत. तिनं सगळं वाचून घेतलं आणि चक्री झटपटवर नेऊन ठेवली, ती तिथंच राहिली. चादर असो नाहीतर रुमाल, धुणं झटपट.

त्याचंही शांताक्कानं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण शिवलीला मशीन लावून दुकानात जाऊन बसायची आणि तिथंच रमायची. धुणं संपल्यावर मशीन पीं पीं करून गप्प व्हायचं. ओले कपडे आत पडून राहायचे, संध्याकाळी त्यांना आंबूस वास यायचा, की पुन्हा झटपट.

“धुतल्यालं कापड घाण करायची कला या बयेकडनं शिकावी,” शांताक्का दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची. शिवलीला हसून सोडून द्यायची. पोर वाईट नव्हती. विसराळू होती, एवढंच.

पुढं वीरप्पांना लकवा झाला आणि माणूस खाटेला खिळला. त्यांच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. अंग झडलं तशी ती डबी छातीच्या हाडांना टोचायला लागली, तिथं चट्टा पडला. घरच्या जंगमाला, म्हणजे पूजाविधी करणाऱ्या गुरुलिंग स्वामींना विचारून शांताक्कानं लिंग डबीतून काढून मऊ फडक्यात बांधलं आणि वीरप्पांच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वर पिन लावली. स्वामी म्हणाले, अंगावर असलं म्हणजे झालं.

वीरप्पांचं बोलणं तेव्हा जड झालं होतं, पण कळत होतं. त्यांनी एकदा तिचा हात ओढून त्या खिशावर ठेवला.

“शांता, माती देताना ह्येच माज्या हातात पायजे. दुसरं नगं.”

“माज्यावर सोडा,” ती म्हणाली, “मी हाय न्हवं?”

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. डाव्या तळहातावर त्याचं लिंग असतं, ज्याची त्यानं जन्मभर पूजा केलेली असते तेच. वीरप्पांना दुसऱ्या कशाची फिकीर उरली नव्हती.

तेव्हापासून बंडी बदलायचं काम शांताक्कानं कुणाला करू दिलं नाही. जुन्या खिशातून लिंग काढायचं, डोळ्याला लावायचं, नव्या खिशात ठेवून पिन लावायची. शिवलीला मदतीला आली तर, “तू मशीनमंदी इसरतीस तसं हितंबी इसरशील,” असं म्हणून तिला लांब ठेवलं.

वैशाखातल्या एका सकाळी वीरप्पांना जुलाब लागले. अंथरूण, धोतर, बंडी, सगळं भरलं. सासू-सुनेनं मिळून त्यांना पुसून घेतलं, शांताक्कानं दुसरी बंडी चढवली. खालच्या चिंध्या शिवलीलानं उचलून मागच्या उकिरड्यावर टाकल्या. शांताक्काची बोटं चिकनगुन्यानं सुजलेली, मूठ वळत नव्हती. एरवी असले कपडे तिनं मशीनकडं फिरकू दिले नसते, पण त्या दिवशी ती हरली. तिनं वीरप्पांच्या अंगावरून काढलेले कपडे चादरीतच गुंडाळले, ते बोचकं छातीशी धरून न्हाणीत नेलं आणि स्वतः मशीनमध्ये कोंबलं.

“लाव गं तुजं त्ये जाड कपड्याचं. झटपट नगं.”

शिवलीलानं चक्री फिरवली. पाणी आलं, पिंप फिरायला लागलं आणि आतून आवाज आला. टक. पुन्हा एक फेरा, पुन्हा टक.

“आत काय वाजतंय गं?”

“बटन आसंल, अत्ती. आता मधीच दार उघडत न्हाय, धुणं झाल्यावर बगते,” शिवलीला सासूला म्हणाली.

तेवढ्यात आतून बसवेश ओरडला. वीरप्पांचे डोळे फिरले होते. गाडी बोलावली, चौघांनी त्यांना उचलून आत घातलं. धाराशिवच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते होते, पुढं नव्हते. दुपारी त्यांना तसंच परत आणलं.

अंगणात त्यांना बसवलं, भस्म लावलं, हार घातले. गुरुलिंग स्वामींनी लिंग मागितलं. शांताक्कानं बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला.

आपण सकाळी ते नव्या बंडीत ठेवलं होतं याची तिला खात्री होती. रोजच बदलत होती, मग आजच कसं राहील? ठेवलं होतं म्हणजे कुशीवर वळवताना अंथरुणात पडलं, अंथरुणात पडलं म्हणजे चिंध्यांत गेलं आणि चिंध्या कुणी टाकल्या हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची जीभ सुटली.

“ह्या बयेनं! ह्या बयेनं माज्या मालकाचं इष्टलिंग उकिरड्यावर टाकलं!”

सगळी भावकी बघत असताना शिवलीला उकिरड्यात उतरली. दोन्ही हातांनी उपसत राहिली. काचा लागून बोटं फाटली, तरी थांबेना. शेवटी स्वामींनी झोळीतून दुसरं लिंग काढलं, मंत्र म्हटले आणि वीरप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांना नको होतं तेच त्यांच्याबरोबर गेलं. बायका सुनेला जे बोलायचं ते बोलल्या. शांताक्कानं एकीलाही अडवलं नाही.

मशीनची आठवण कुणालाच राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी न्हाणीतून वास सुटला. आधी सगळ्यांना वाटलं, मोरी तुंबली. शांताक्कानं जाऊन दार उघडलं. मशीननं आपलं काम कधीच उरकलं होतं, पीं पीं करून थकून गप्प बसलं होतं. आत कपड्यांचा आंबलेला गोळा होता. तिनं एकेक ओढून काढलं. बंडी हाताला आली तेव्हा सवयीनं बोटं आतल्या खिशात गेली.

पिन जागच्या जागी होती. फडकं लिंगाला चिकटलं होतं. लिंगावरचा काळा लेप साबणानं फुगून निघाला होता, खिसा आतून काळा झाला होता. आपण बंडी बदलली आणि हे काढलंच नाही, आपल्याच हातानं ते मशीनमध्ये घातलं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. टक आवाज तिनं उभं राहून ऐकला होता. ती ओल्या फरशीवर बसली.

मागं शिवलीला येऊन उभी राहिली. बोटांना पट्ट्या होत्या.

“अत्ती, काय हुतं वो? वाजत हुतं त्ये?”

ओसरीवर बायका बसलेल्या होत्या. एक हाक मारली असती तरी सुनेवरचा आळ फिटला असता. सुजलेली बोटं कशीबशी वळवून शांताक्कानं मूठ मिटली.

“बटन,” ती म्हणाली.

शिवलीला आता कपडे मशीनमध्ये पडू देत नाही. पीं वाजायच्या आधी येऊन उभी राहते. कपडा आत टाकण्याआधी खिसा उलटा करते, एकदा पाहून पुन्हा पाहते, आपल्या लहानग्या लेकीच्या बिनखिशाच्या फ्रॉकचीही शिवण चाचपते. परवा शेजारची गंगम्मा तिला हसली.

“हसू नका मावशी,” शिवलीला म्हणाली, “माज्या हातनं एकदा लई मोठं पाप झालंय.”

शांताक्का तिथंच खाटेवर बसली होती. तिनं पदराखाली चोळीत ठेवलेली त्याच फडक्याची पुरचुंडी हातानं दाबून धरली.