आईचा राग आणि माझं प्लास्टर

मंडळी, पाठीला टॉवेल बांधून उडायचा प्रयत्न तुमच्यापैकी कोणी केला होता?

मी केला होता. टीव्हीवरच्या उडणाऱ्या सुपरहिरोचं पाहून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून उडी मारली आणि डावा हात मोडला. ते प्लास्टर मी अजून जपून ठेवलंय. त्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. मधली जागा तेवढी त्या सुपरहिरोच्या सहीसाठी मोकळी सोडली होती.

आज ती भूमिका करणारा अभिनेता नागपुरात एका मॉलमध्ये आला होता. मी प्लास्टर घेऊन रांगेत उभा राहिलो. सोबत आई होती. तिचा त्याच्यावर तेव्हापासूनचा राग.

आता तो सत्तरीचा आहे. त्यानं प्लास्टरवरचं एकेक नाव वाचलं आणि मधल्या जागेत सावकाश सही केली. तेवढ्यात आई म्हणाली, "तुमच्यापायी माह्या पोराचा हात मोडला होता."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. तो मात्र खुर्चीतून उठला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, माझं चुकलं. मी दोरीला लटकून उडायचो, हे मुलांना तेव्हाच सांगायला हवं होतं."



कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजच्या पायऱ्यांशी अडला. गुडघे दुखत असावेत. मी पुढे होईपर्यंत आईनं त्याचा हात धरलाही होता.

"सावकाश उतरा भाऊ," ती म्हणाली, "उडी नका मारू."