ओपांच्या बरणीतली वाळू

सायरा, आधी माफी मागते. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने माती उकरावी तसं. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कधीच विसरले. कुठे अडलीस तर अंदाजाने वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला शब्द सुचत नाहीत, आणि ही गोष्ट मला स्वतःलाच अजून नीट उमगलेली नाही. तू वाच, आणि शारजातल्या हसीनाला फोनवर वाचून दाखव. तीही माझ्यासारखीच घर सोडून आलेली. बाकी कुणाला नको.

मी निघाले ती पहाट तुला आठवते का? जीप दारात उभी. अम्मीने पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या घातल्या आणि म्हणाली, "ज्यांचं मीठ खाशील, त्यांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नकोस." माझी रुबीना तुझ्या मांडीवर होती, सहा वर्षांची. कुठे जातेस, कधी येशील, काही विचारलं नाही तिने. फक्त म्हणाली, "माझी वेणी कोण घालणार?" मी म्हटलं, "खाला घालेल." एवढंच बोलून मी जीपमध्ये बसले.

आता ती बारा वर्षांची आहे आणि फोनवर मला इंग्लिशमध्ये "आय अॅम फाइन" म्हणते.

इकडे आखातात मी खलिफा सिटीत ज्या व्हिलात काम करते, तिथल्या मॅडम जर्मन आहेत. त्यांचे वडील त्यांच्याजवळ राहतात. नात त्यांना ओपा म्हणते, त्यांच्या भाषेत आजोबा, म्हणून मीही ओपाच म्हणते. ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी धरून चालतात. त्यांना मोडकं हिंदी येतं, ते मला बेटी म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं, यांनी आयुष्यभर केलं काय? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या भूगोल. भूगोल तर आपल्याला शाळेत होता! जिल्ह्याचा नकाशा होता, नद्या निळ्या. तो कुणी चालून चालून काढला असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

ओपा चालले. ओमान, येमेन, बलुचिस्तान, राजस्थान. उंटावरून, ट्रकमधून, पायी. प्रत्येक ठिकाणी लोकांना विचारायचे, या टेकडीला काय म्हणता, पाणी कुठे, उन्हाळ्यात तुम्ही कुठे जाता? आणि लिहून घ्यायचे. त्याची जाड पुस्तकं झाली, ते युनिव्हर्सिटीत शिकवू लागले, पण हिवाळा आला की पुन्हा निघायचे. मी विचारलं, "घर क्यों छोड़ते थे?" त्यांनी सांगितलं, चार वर्षांचे असताना लढाईमुळे आई त्यांना हातगाडीवर घालून गावातून निघाली. ते गाव आता दुसऱ्या देशात आहे, त्याचं नावही बदललं आहे. "तब से देखता हूँ, कौन सा गाँव कहाँ है." मला हे कळलंही आणि नाहीही. मी पोटासाठी आले. हा माणूस पोट भरलेलं असताना निघायचा. मॅडम एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "माझ्या प्रत्येक वाढदिवसाला पोस्टकार्ड यायचं. पप्पा यायचे नाहीत." मी मान खाली घातली. मी तर रुबीनाला पोस्टकार्डही पाठवत नाही, पैसे पाठवते.

तर ओपांच्या खोलीत काचेच्या चाळीसेक बरण्या आहेत. सगळ्यांत वाळू, वर जर्मन चिठ्ठ्या. मी दर गुरुवारी पुसायचे. मला वाटायचं, शोसाठी ठेवल्या असतील. एकदा ओपा म्हणाले, तरुणपणी हिंदुस्तानात गाडीवर वाळूत भाजलेले शेंगदाणे खाल्ले होते, तशी चव पुन्हा मिळाली नाही. मला एवढा आनंद झाला! आपल्याला येणारी एक गोष्ट यांना हवी होती. पण इथली रस्त्याकडेची वाळू पिठासारखी बारीक, ती दाण्याला चिकटते. भाजायला जाडसर लागते. तशी एकाच बरणीत होती, लालसर, स्वच्छ. अम्मीचं वाक्य पाठ असूनही मी ती घेतली. इतकी वाळू असलेल्या देशात वाळू विचारून घ्यायची असते, हे डोक्यातच आलं नाही.

ओपांनी मिटक्या मारत वाटीभर दाणे खाल्ले. मग विचारलं, "बेटी, रेत कहाँ से लाई?" मी कढई दाखवली. मिठाच्या पाण्याने वाळू काळी पडली होती. त्यांनी चिमूटभर उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि खोलीत गेले.

दोन दिवस एक शब्द नाही. ओरडले असते तर मला कळलं असतं. मी बॅग भरून ठेवली. व्हिसा मॅडमचा. त्यांनी परत पाठवलं तर रुबीनाची फी कुठून भरणार? हसीनाला फोन केला तर ती हसली. "अगं, वाळूसाठी कुणी कामावरून काढतं का? आमच्या गॅरेजमागे ढीग पडलाय. यल्ला, चल, बादली भरून पाठवू?" खोटं कशाला सांगू, मी खरंच बरणी घेऊन व्हिलाच्या मागे गेले होते. पण भरवेना.

तिसऱ्या दिवशी मी ओपांसमोर उभी राहिले. "कितने का था? पगार से काट लो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "इसका पैसा बाकी है. मेरा." मग सांगितलं. ओमानच्या वाळवंटात दोन दिवस पाणी संपलेलं. वाटाड्या सालेमने एका कोरड्या ओढ्यात हातांनी खड्डा खणला. संध्याकाळी ओली वाळू लागली, मग पाणी. ती वाळू त्या खड्ड्यातली. पुढे ओपांना ताप चढला, कुणाच्या तरी ट्रकने त्यांना दवाखान्यात नेलं आणि सालेमच्या शेवटच्या वीस दिवसांची मजुरी राहून गेली. पुढच्या हिवाळ्यात देऊ म्हणाले. पुढचा हिवाळा दुसऱ्याच देशात गेला, त्याच्या पुढचाही. सालेम वारला. त्याचं कुटुंब अल ऐनला आहे हे ओपांना ठाऊक होतं, दीड तासावर, आणि मॅडमकडे राहायला आल्यापासून पाच वर्षांत ते गेले नव्हते.

"क्यों नहीं गए?"

"शरम."

इतकं शिकलेला माणूस, आणि हे माझ्यासारखंच! मी म्हटलं, "तो अब चलो." इतकं धाडस मी आयुष्यात केलं नव्हतं.

शुक्रवारी मॅडमनी गाडी काढली. आजच्या हिशेबाने रोजचे दीडशे दिरहॅम धरून ओपांनी तीन हजार पाकिटात घातले, म्हणजे आपले सत्तरेक हजार. सालेमच्या मुलाने ओपांना मिठी मारली, कॉफी दिली, खजूर दिले, पण पाकिटाला हात लावला नाही. बापाच्या पाहुण्याकडून पैसे? तीनदा नाही म्हणाला. शेवटी म्हणाला, अम्माला विचारा. पण अम्मा आत, बायकांच्या खोलीत, तिथे परका पुरुष जात नाही. मॅडमनाही ओपांना एकटं सोडवेना. पाकीट माझ्या हातात आलं.

म्हातारी, सालेमची बायको, गादीवर बसली होती. घरात कामाला आलेल्या बायकांकडून शिकलेलं हिंदी बोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने नोटा मोजल्या.

"बीस नहीं," ती म्हणाली. "बाईस दिन."

ती म्हणाली, सालेम ओपांबरोबर निघाल्यापासून ती रोज एक खजुराची बी मडक्यात टाकायची. पैशासाठी नाही, तो परत येईपर्यंतचे दिवस मोजायला. तो परत आल्यावर म्हणाला, शेवटच्या बावीस बियांचे पैसे आले नाहीत. एवढी वर्षं तिला आकडा पाठ.

मग तिने विचारलं, "तेरा घर किधर?" मी रत्नागिरी म्हटलं, पण गाडीत बसताना मी ओपांना "घर कब आएँगे" असं व्हिलाबद्दल विचारलं होतं, ते आठवून गोंधळले. सायरा, मला आता वाटतं, आपले दिवस जिथे कुणी मोजतं ते घर असावं. रुबीना मोजते का गं? मी तरी मोजले का? मला माहीत नाही.

माझ्या पर्समध्ये साडेतीनशे दिरहॅम होते, येताना रुबीनासाठी बूट घ्यायचे म्हणून. त्यातले तीनशे, म्हणजे सात हजार रुपये, मी नोटांवर ठेवले. ओपांना विचारायला बाहेर गेले नाही. वाळू मी घेतली होती, तिचं देणं माझं.

म्हातारीने पुन्हा पहिल्यापासून मोजले. सावकाश, बोट ओलं करून. तेहतीसशे. मग ओढणीखाली ठेवले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "खलास."

बाहेर ओपा दाराकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "ले लिया. पूरा."