मी बसले की तापणारी जीप

आमच्या भीमरावांबद्दल कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते, की हा माणूस रंगातला आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात रंगखात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. घरातली खुर्ची असो नाहीतर खिडकीची जाळी, पत्रा उघडा दिसला की यांचा जीव खालीवर होतो. "एवढुसा जरी सुटला ना सरू, तरी तिथूनच गंज शिरतो," हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. लोकांचे नवरे रविवारी पत्ते कुटतात, माझा जिन्याचा कठडा घासत बसतो. सोसायटीने सांगितलेलं पण नसतं.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि एक दिवसाआड डायलिसिसला उल्हासनगरला जाणं नशिबी आलं. बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्यातून निघायचं, चार तास सुया टोचून पडायचं आणि परत यायचं. आधी रिक्षाने जायचो. येताना एकदा मी रिक्षातच बेशुद्ध पडले. त्यानंतर भीमरावांनी जुनी डिझेल जीप आणली, उल्हासनगरच्या एका सिंधी शेठची. तो कापडाचे गठ्ठे भरून घाट चढायचा. घाटात इंजिनाचा भरवसा नाही, म्हणून त्याने डॅशबोर्डखाली एक जादा मीटर बसवून घेतलं होतं. इंजिनाचं तेल किती तापलंय ते त्याचा काटा दाखवायचा. भीमरावांना त्या मीटरचं भारी कौतुक. मला काय त्याचं, मला बसायला ऐसपैस जागा मिळाली. माझा जीव घाबरा होतो म्हणून त्यांनी पुढे एक छोटा पंखा पण लावला, थेट माझ्या तोंडावर वारा येईल असा.

मग एप्रिल आला. चौदा तारखेच्या मिरवणुकीत काकांची जीप पाहिजे, असं वस्तीतली पोरं म्हणाली. झालं, यांच्या अंगात आलं. सगळी जीप निळी केली. नुसती वरून नाही. सीटा काढल्या, मॅट काढली, डॅशबोर्डखालचे नटबोल्ट खोलले, आतला पत्रा घासला आणि कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश फिरवला. वाळल्यावर सगळं जिथल्या तिथे बसवलं. मिरवणुकीत मी पांढरी साडी नेसून पुढच्या सीटवर बसले होते. खरं सांगते, त्या दिवशी मला आजारपण आठवलं नाही.

मिरवणुकीनंतर तो काटा नाचायला लागला. हेंद्रेपाड्यातून निघालो की पाच-दहा मिनिटांत सरसर वर, कधी एकदम लालमध्ये, मधूनच खाली, परत वर. भीमराव गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि उन्हात उभे राहायचे. डायलिसिसला उशीर झाला की तिथली सिस्टर माझ्यावर खेकसायची आणि मी भीमरावांवर.

गाडी जितेशकडे दाखवली. जितेश म्हणजे बदलापुरातला मेकॅनिक, हाताने चांगला, तोंडाने आगाऊ. त्याने तेल बदललं, तेलात बुडालेला सेन्सर नवा टाकला, मग ते मीटरच नवं आणलं. दरवेळी तो एकटा गाडी घेऊन अंबरनाथपर्यंत चक्कर मारून यायचा आणि काटा जागचा हलायचा नाही. आणि मी बसले की पुन्हा तेच.

"काकू, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही बसल्या की गरम होते," जितेश हसत म्हणाला.

"तुझ्या कानाखाली बसली ना, की तू पण गरम होशील," मी म्हटलं.

पण जाताना तो भीमरावांना गंभीरपणे सांगून गेला, काका, काटा लालमध्ये गेला तर चालवू नका, इंजिन जाम झालं तर पेशंटला घेऊन भर रस्त्यात अडकाल. ते यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि माझ्या डोक्यात दुसरंच बसलं. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, माझ्या सासऱ्यांनी हे सगळं घराबाहेर टाकलं होतं. तरी पडल्या पडल्या मनात यायचं, हे एकटे चालवतात तेव्हा गाडी नीट, जितेश चालवतो तेव्हा नीट. मग वाईट काय आहे? मीच ना. कुणाला बोलले नाही. बोलायची लाज वाटत होती.

मे संपता संपता एका दुपारी मुंबईच्या हॉस्पिटलातून फोन आला. तिथे आमचं नाव नोंदवलेलं होतं. कोणाच्या तरी घरच्यांनी आपल्या माणसाची किडनी दान केली होती. एका किडनीसाठी दोन पेशंटना बोलावलंय, म्हणाले, ताबडतोब या, उशीर करू नका. भीमराव कुलूप न लावताच जिना उतरले, ते मी लावलं.

काटई नाक्याच्या पुढे काटा लालमध्ये गेला. त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, पण चावी फिरवलेलीच ठेवली, कारण मला वारा पाहिजे होता. "तू पंखा घे, मी काट्याकडे बघतो. खाली आला की निघू," असं म्हणून ते माझ्या बाजूला वाकून बसले. काटा काही खाली येईना. मी तोंडावर वारा घेत होते आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत होतो. शेवटी तसेच निघालो. शिळफाट्याला परत थांबलो. परत चावी चालू, परत पंखा. भीमराव रस्त्याच्या मधोमध जाऊन हात करायला लागले. कोणी थांबेना. मी म्हटलं, अहो, चालवा तशीच, जळू दे इंजिन. ते म्हणाले, "मध्येच बंद पडली तर तुला कुठे नेऊ? सांग ना, कुठे नेऊ?" मग एक टॅक्सी मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्या पेशंटला आत घेतलं होतं. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, परत येईल संधी. संधी म्हणजे काय पुढची गाडी आहे, थोडं थांबलं की येणार? मला एवढा राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. भीमराव कॉरिडॉरच्या बाकावर बसले ते उठेचनात. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवलं.

जुलैत एकदा डायलिसिसहून येताना मला भयंकर थंडी वाजली. बाहेर पाऊस, अंगावर शाल, आणि समोर तो पंखा. मी हात लांब करून बंद केला. काटा झपकन खाली आला. मी परत चालू केला, काटा वर. बंद, खाली. तीन-चारदा केलं. भीमरावांचं लक्ष रस्त्याकडे होतं. यांच्या एकट्याच्या फेरीत पंखा बंद. जितेशच्या फेरीत पंखा बंद. पंखा माझ्यासाठीच लागत होता.

"अहो, गाडी मागे फिरवा," मी म्हटलं. "चंदरकडे घ्या."

चंदर उल्हासनगरचा, गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. मी त्याला पंखा चालू-बंद करून दाखवला. तो म्हणाला, "अर्थिंग देखना पडेगा, भाभी." मीटरची आणि पंख्याची काळी वायर डॅशबोर्डखाली एकाच बोल्टला कसलेली होती. त्या वायरमधून करंट गाडीच्या पत्र्यात परत जायला पाहिजे. ती पत्र्याला नीट टेकली नाही तर पंखा चालू केला की मीटर खोटं दाखवणार. भीमराव माझ्यासाठी बर्फ आणायला गेले होते, मला पाणी प्यायला बंदी, बर्फाचा तुकडा चघळावा लागतो. तेवढ्यात चंदरने बोल्ट खोलला आणि बॅटरीचा उजेड मारला.

"ये देखो, वायर कलर के ऊपर बैठा है. नीचे पत्रा दिखताइच नहीं. किसने मारा इतना पक्का कलर?"

खाली निळा रंग होता. गुळगुळीत, एक ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. बोल्टाच्या भोकाच्या कडेपर्यंत व्यवस्थित मारलेला.

मला काटई नाका दिसला. माझ्या बाजूला वाकून काट्याकडे बघणारे हे दिसले. मी चंदरला म्हटलं, "खरवड पटकन. आणि त्यांना सांगू नकोस. विचारलं तर गंज होता म्हण."

चंदरने माझ्याकडे बघितलं. दोन पोरींचा बाप आहे तो, त्याला कळलं. ब्लेडने पत्रा उघडा केला, वायर कसली. मी पंखा लावला. काटा हलला नाही.

भीमराव बर्फ घेऊन आले. "काय निघालं?"

"गंज," मी म्हटलं. "बोल्टाखाली गंज धरला होता. चंदरने काढला."

"गंज?" ते म्हणाले. "माझ्या रंगाखाली?"

त्यांनी चंदरच्या हातातल्या ब्लेडकडे बघितलं. मग खाली मॅटकडे. मॅटवर निळा चुरा पडला होता, तो झाडायचं मला सुचलंच नव्हतं. बर्फाचा ग्लास माझ्या हातात दिला, स्टिअरिंगवर बसले आणि पंखा माझ्याकडे वळवला. बदलापूरपर्यंत काटा मधोमध उभा होता. त्यांनी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

बिल्डिंगखाली शेजारची शीला आणि सोसायटीतली चार माणसं उभी होती. सगळ्यांना त्या काट्याचं माहीत होतं. शीलाने विचारलं, "काय हो काका, सापडलं का काय ते?"

मी मध्ये बोलणार होते. पण यांनी मला हाताने थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गंज होता. माझ्याच रंगाखाली गंज धरला होता. घासताना माझा हात आळसावला."

मग हात धुवून येतो म्हणाले आणि मागच्या नळावर गेले. मी जिन्यात बसून राहिले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.